पत्रा दुमडतो तसा सायबरट्रक काढायचा

माझी भाची अकरा वर्षांची आहे. मागच्या सुट्टीत ती एक चित्र घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मामा, सगळ्या रेघा पट्टीनेच मारल्यात. तरी ही खरी गाडी का वाटत नाही?" चित्र टेस्ला या अमेरिकी कंपनीच्या सायबरट्रकचं, म्हणजे मागे सामानाचा हौदा असलेल्या विजेवरच्या गाडीचं होतं. रेघा खरंच सरळ होत्या, खाडाखोडही फारशी नव्हती. पण गाडी बसकी दिसत होती, चाकं खेळण्यातली वाटत होती, आणि अंगभर एकाच जाडीच्या काळ्या रेघा असल्यामुळे ती पोलादाची न वाटता तारेचा सांगाडा वाटत होती.

मी अठ्ठावीस वर्षं पत्र्याच्या कामाची ड्रॉइंग केली. विजेच्या पॅनेलची खोकी, मशिनची कव्हरं, हवेचे डक्ट. सपाट पत्रा कुठे कापायचा आणि कुठे दुमडायचा, हे कागदावर दाखवायचं काम. त्यामुळे या गाडीचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती लगेच ओळखीची वाटली. इतरांना ती भविष्यातून आलेली वाटत असेल, मला तिच्यात बेंडिंग मशिनवरून उतरलेला पत्रा दिसला. भाचीला शेजारी बसवून दोन संध्याकाळी जे दाखवलं, ते इथे लिहितो.

आधी गाडी अशी का आहे ते बघू, कारण त्यावरूनच कुठली रेघ कशी मारायची ते ठरतं. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न इथे ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. टेस्लाचे डिझाइनप्रमुख फ्रान्झ फॉन होल्झहाउझेन यांच्या हाताखाली तिचं रूप ठरलं. ग्राहकांना गाड्या मिळायला लागल्या त्या ३० नोव्हेंबर २०२३ पासून. नेहमीच्या मोटारीचा पत्रा त्या मानाने नरम असतो. तो साच्यात दाबला की हवा तसा गोलवा घेतो. सायबरट्रकचं बाहेरचं अंग कडक कोल्ड-रोल्ड, म्हणजे न तापवता लाटलेल्या, स्टेनलेस स्टीलचं आहे. हे स्टील साच्यात दाबायला गेलं तर प्रेसच मोडेल, म्हणून गाडी एवढी सपाट आहे, असं टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०१९ मध्येच सांगितलं होतं. असा पत्रा हातात आला की कापणं आणि सरळ रेषेत वाकवणं एवढंच करता येतं. पाचरीसारख्या गाड्यांची आवड मात्र जुनी. १९७० साली बर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीने दाखवलेली लान्चिया स्ट्रॅटोस झीरो ही गाडी बघा, किंवा १९८१ पासून विकली गेलेली, इटालियन डिझाइनर जोर्जेतो जुजारो यांनी आखलेली स्टेनलेस स्टीलची डीलोरियन. सराव म्हणून या दोन्ही काढून पाहण्यासारख्या आहेत.

फोटो समोर ठेवताना एक सांभाळा. २०१९ चा नमुना आणि २०२३ पासूनची गाडी यांची सरमिसळ करू नका. पहिल्या नमुन्याला बाजूचे आरसे नव्हते. विक्रीच्या गाडीला आरसे आहेत, आणि पुढच्या काचेवर चालकाच्या बाजूला एकच भलामोठा वायपर उभा विसावलेला असतो. भाचीने अर्धी गाडी एका फोटोवरून आणि अर्धी दुसऱ्यावरून काढली होती.

साहित्य थोडंच लागतं. ए-४ कागद जरा जाड घ्या, कारण पुढे त्यावर दाब द्यायचा आहे. २एच, एचबी, २बी आणि ६बी पेन्सिली (२एच सगळ्यात कडक आणि पुसट, ६बी सगळ्यात मऊ आणि काळी), पट्टी, वर्तुळ काढायचा कंपास, मऊ खोडरबर, आणि शाई संपलेलं एक बॉलपेन. हे बॉलपेन विसरू नका.

पहिल्या संध्याकाळी फक्त बाजूने दिसणारी गाडी काढली. इथे माझी एक सवय उपयोगी पडली. कुठलीही वस्तू काढायची तर तिच्यातलाच एक भाग माप म्हणून धरायचा. सायबरट्रकमध्ये हे माप म्हणजे चाक. गाडीची उंची १,७९१ मिलिमीटर आणि टायरचा व्यास सुमारे ३५ इंच, म्हणजे ८८५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दोन चाकं एकावर एक ठेवली की गाडीची उंची होते. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंतलं अंतर ३,६३५ मिलिमीटर, म्हणजे चार चाकं आणि वर थोडंसं. एकूण लांबी ५,६८३, म्हणजे जवळजवळ साडेसहा चाकं. आरसे सोडले तर रुंदी २,०३२, म्हणजे दोन चाकं आणि वर चाकाचा तिसरा भाग. भाचीच्या चित्रात उंचीत तीन चाकं बसत होती. गाडी बसकी का दिसत होती ते तिथेच कळलं. चाक लहान झालं की त्यावरचं अंग जड होतं आणि गाडी खाली दबल्यासारखी दिसते.

आता कागद आडवा धरा. चाक ४ सेंटिमीटरचं घेतलं की हिशोब सोपा होतो आणि गाडी कागदात ऐसपैस बसते. खाली जमिनीची रेघ मारा. तिच्यापासून ८ सेंटिमीटर वर दुसरी पुसट रेघ, ही गाडीची सगळ्यात उंच पातळी. लांबी २५.७ सेंटिमीटर मोजून दोन्ही टोकांना उभ्या रेघा मारा. सगळं २एच पेन्सिलने, कागदाला जेमतेम टेकवून. नाक डावीकडे धरू. डाव्या टोकापासून सुमारे ४ सेंटिमीटरवर पुढच्या चाकाचा मध्य, तिथून १६.४ सेंटिमीटरवर मागच्या चाकाचा. जमिनीपासून २ सेंटिमीटर उंचीवर कंपासचं टोक रोवून दोन वर्तुळं काढा. मागे उरलेली लांबी पुढच्यापेक्षा थोडी जास्त आहे हे डोळ्यांनीही तपासा.

यानंतर तीन बिंदू. गाडीचा अर्धा चेहरामोहरा या तीन बिंदूंवर उभा आहे, म्हणून इथे घाई करू नका. पहिला बिंदू नाकाचा. तो चाकाच्या वरच्या कडेहून थोडा उंच, मी जमिनीपासून ४.८ सेंटिमीटरवर घेतो. दुसरा शिखराचा. तो वरच्या रेघेवर, दोन चाकांच्या बरोबर मधोमध न घेता त्याच्या जरासा पुढे, डाव्या टोकापासून सव्वाअकरा सेंटिमीटरच्या आसपास. तिसरा शेपटीचा, मागच्या टोकाला, नाकापेक्षा एक सेंटिमीटर उंच. नाक ते शिखर आणि शिखर ते शेपूट जोडलं की गाडी एकदम ओळखू येते. भाची तिथेच ओरडली, "आली!" अजून दार नाही, खिडकी नाही, तरी गाडी आली होती.

नाक ते शिखर ही रेघ मात्र पूर्ण एकसंध नाही. बॉनेट संपून काच सुरू होते तिथे उतार किंचित बदलतो. हा बदल इतका बारीक आहे की पट्टी लावल्याशिवाय दिसत नाही. फोटोवर पट्टी ठेवून बघा आणि मगच तो मोड द्या. जास्त दिलात तर साधा ट्रक दिसतो, अजिबात नाही दिलात तर तंबू.

खालची बाजू झटपट उरकू. नाकाखालचा बंपर आत झुकतो, मागचंही तसंच. दोन चाकांच्या मधली तळाची रेघ जमिनीपासून सव्वा सेंटिमीटर वर धरा. चाकांवरच्या कमानी गोल काढू नका. त्या समलंब चौकोनासारख्या, तिरक्या कडांच्या आहेत, आणि त्यांच्याभोवती काळी पट्टी आहे. गोल चाक आणि कोनदार कमान यांच्यातली मोकळी जागा सगळीकडे सारखी नसते. वर कोपऱ्यांत ती जास्त दिसते. ही जागा नीट दाखवली तर गाडी चाकांवर उभी वाटते.

मग खांद्याची घडी. नाकाच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत बाजूने एक लांब घडी जाते, मागे जाताना किंचित चढते. तिच्या वरचा पत्रा आत, छताकडे कललेला आहे, खालचा पत्रा आत, चाकांकडे वळलेला आहे. गाडीचा सगळ्यात रुंद भाग म्हणजे ही घडी. बाजूच्या काचा या घडीच्या वर, शिखराखाली, पसरट त्रिकोणासारख्या. त्यांच्या मागे सामानाच्या हौद्याच्या बाजूची उतरती भिंत, तीही सपाट पत्र्याची. दारांना बाहेर दिसणाऱ्या मुठी नाहीत, त्यामुळे दाराची फट सोडून तिथे काहीच काढायचं नाही. रिकामी जागा पाहून हात शिवशिवतो, पण ती रिकामीच राहू द्या.

इथे मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगायची आहे, कारण या चित्राचं मर्म मला त्यातून कळलं. पत्र्याच्या ड्रॉइंगमध्ये जिथे कापायचं तिथे जाड सलग रेघ असते, जिथे दुमडायचं तिथे बारीक तुटक रेघ. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका कव्हरच्या ड्रॉइंगमध्ये बेंडची रेघ जाड मारली. कारागिराने ड्रॉइंग वाचलं, तसंच काम केलं, आणि जिथे पत्रा दुमडायचा होता तिथे कापला. बारा पत्रे भंगारात गेले. चूक पूर्ण माझी होती. त्या दिवसापासून कागदावर रेघ ओढण्याआधी मी स्वतःला विचारतो: ही फट आहे की घडी?

सायबरट्रकवर दोन्ही प्रकारच्या रेघा आहेत आणि बहुतेक चित्रांत त्या एकसारख्या काढलेल्या असतात. दाराभोवतीची रेघ ही फट आहे. तिथे दोन पत्रे वेगळे आहेत, मध्ये अंधार आहे, म्हणून ती काळी. खांद्यावरची रेघ ही घडी आहे. तिथे पत्रा अखंड आहे. तिथे काळं असायचं काही कारणच नाही. उलट कुठलाही पत्रा दुमडला की कोपरा अगदी सुरीसारखा होत नाही, बाहेरून त्याला बारीकशी गोलाई येते. ती गोलाई कुठल्या ना कुठल्या कोनात उजेड पकडते, आणि घडीच्या जागी केसाएवढी चमकती रेघ दिसते.

भाचीला हे तोंडाने सांगून पटलं नाही. मग एक जुनं पोस्टकार्ड घेतलं, पट्टीच्या कडेवर मधोमध दुमडलं आणि टेबललॅम्पखाली छपरासारखं उभं केलं. एक बाजू उजळ, एक करडी. "यात काळी रेघ कुठाय, दाखव," म्हटलं. तिने कार्ड जवळ घेतलं, फिरवलं, पुन्हा ठेवलं. "रेघच नाहीये मामा, नुसता रंग बदलतो." मग स्वयंपाकघरातून स्टीलच्या डब्याचं चौकोनी झाकण आणून दिलं. त्याच्या मोडलेल्या काठावर ती बारीक पांढरी रेघ तिने स्वतः शोधली. चित्र सुरू करण्याआधी या दोन वस्तू पाच मिनिटं दिव्याखाली फिरवून बघाच. पुढचं शेडिंग निम्मं सोपं होतं.

ती चमकती रेघ कागदावर आणण्यासाठी शाई संपलेलं बॉलपेन. शेडिंग सुरू करण्याआधी पट्टी लावून प्रत्येक घडीवरून कोरडं पेन दाबून ओढा. कागदात बारीक चर पडते. दिसत काही नाही, बोट फिरवलं तर लागते. नंतर त्यावरून पेन्सिल आडवी धरून फिरवली की शिसं वर राहतं आणि चर पांढरी उमटते. पत्र्यावर मार्किंग करताना स्क्रायबरने, म्हणजे टोकदार पोलादी सळईने, खूण ओढतात, अगदी तसंच. चर एकदा पडली की पुसता येत नाही, म्हणून आधी दुसऱ्या कागदावर दाब किती द्यायचा ते बघा. दाराच्या फटीवर हे पेन फिरवायचं नाही. तिथे टोकदार २बी.

दुसऱ्या संध्याकाळी समोरून-तिरकी गाडी काढली. हे अवघड आहे, पण गाडीचा रुबाब यातच दिसतो.

आधी खोका काढायचा, मग त्यातून गाडी कापून काढायची. खोक्याची मापं तीच: दोन चाकं उंच, दोन आणि एक-तृतीयांश रुंद, साडेसहा लांब. आपण जमिनीवर उभे आहोत असं धरलं तर डोळे साधारण १.६ मीटरवर असतात, म्हणजे क्षितिजरेषा गाडीच्या उंचीच्या नव्वद टक्क्यांवरून जाते. नाक डोळ्यांच्या खाली, म्हणून बॉनेट वरून दिसतं. शिखर मात्र डोळ्यांच्या जरा वर जातं. ही रेषा उंच नेली तर गाडी खेळण्यासारखी दिसते, अगदी खाली आणली तर राक्षसी. दोन्ही करून बघा, पण पहिल्यांदा डोळ्याच्या उंचीवर.

समांतर कडा दूर जाताना क्षितिजावरच्या एका बिंदूत मिळतात. लांबीच्या कडांचा एक बिंदू, रुंदीच्या कडांचा दुसरा. दोन्ही कागदाच्या बाहेर जातात, आणि जायलाच हवेत. कागदातच बसवले तर गाडी पिळवटल्यासारखी होते. कागद टेबलावर चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन्ही बाजूंना क्षितिजरेषा टेबलावर वाढवा, बिंदूंवर टाचणी रोवा आणि टाचणीला दोरा बांधा. दोरा ताणून कागदावर आणला की कुठल्याही कडेची दिशा मिळते. ड्रॉइंगच्या फळ्यावर आम्ही असंच करायचो.

खोक्याच्या लांब बाजूचे दोन कर्ण जोडा. ते छेदतात तो गाडीचा खरा मध्य. चित्रात तो दूरच्या टोकाकडे सरकलेला दिसेल, घाबरू नका. या मध्यापासून थोडं पुढे शिखर. आणि आता शिखर हा बिंदू नाही, गाडीच्या रुंदीत जाणारी एक कड आहे. बाजू आत कललेल्या असल्यामुळे ही कड खोक्याच्या पूर्ण रुंदीची नसते. मी ती साधारण दोन-तृतीयांश घेतो, दोन्हीकडून सारखी जागा सोडून. भाचीने ती पूर्ण रुंद काढली होती आणि गाडीचं घर झालं होतं. कड आखूड केली, खांद्याच्या घडीला जोडली, आणि बाजू आपोआप कलल्या.

चाकं आता लंबवर्तुळं होतात. लोक इथेच अडकतात. एक नियम लक्षात ठेवा: लंबवर्तुळाचा आखूड अक्ष चाकाच्या आसाच्या दिशेने, म्हणजे रुंदीच्या बिंदूकडे जातो. दोरा ताणा, ती दिशा पुसट मारा, तिला काटकोनात लांब अक्ष मारा, आणि मग लंबवर्तुळ हाताने, खांद्यातून हात फिरवत, दोन-तीनदा हलकं काढा. मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान आणि जास्त चिंचोळं दिसतं. टायरला जाडी द्या, कारण हे रुंद टायर आहेत. चाकाच्या तबकडीवरचे कोनदार आकार फोटो बघून मोजूनच काढा, अंदाजाने नको.

समोर नाकाच्या वरच्या कडेला रुंदीभर जाणारी दिव्याची पातळ पट्टी आहे. खरे हेडलाइट तिच्यात नसून खाली काळ्या बंपरच्या भागात आहेत. ही पट्टी काढताना दोन रेघा मारून मध्ये कागद पांढरा सोडा आणि भोवतालचं अंग थोडं गडद करा. पट्टी पेटलेली दिसते.

शेवटी छटा. प्रत्येक सपाट पैलूला स्वतःची एक छटा. स्टेनलेस स्टील धुरकट आरशासारखं वागतं, समोर जे असेल ते अंधुक दाखवतं. बॉनेट आभाळाकडे तोंड करून आहे, तिथे कागद जवळजवळ कोरा ठेवा. खांद्याच्या वरची बाजूही थोडी आभाळाकडे, तिला एचबीचा हलका हात. खांद्याखालची बाजू जमिनीकडे वळलेली, तिला २बी. घडीपाशी एकदम रंग बदलू द्या, चर आपलं काम करेल. पैलूच्या आत छटा एका टोकाकडून दुसऱ्याकडे अगदी हळू गडद होऊ द्या, पण बोटाने घासू नका. घासलं की पत्र्याचा कोरडेपणा जातो आणि गाडी प्लॅस्टिकची होते. पेन्सिलीचे फराटे पैलूभर एकाच दिशेने ठेवा.

काच सगळ्यात शेवटी. पुढची काच आणि छत हा मोठा काळा पसारा आहे. ६बी पेन्सिल, पण सगळं काळं नको. खोडरबरची धार लावून एक तिरका पट्टा उचला, काच वाटायला तेवढं पुरतं. बंपर, कमानी आणि टायर ६बीनेच. गाडीखालची सावली चाकांच्या तळाशी सगळ्यात काळी आणि बाहेर येताना विरळ.

भाचीने तिसऱ्या दिवशी पुन्हा एक चित्र आणलं. यावेळी तिने दारांच्या फटी काळ्या ठेवल्या होत्या आणि खांद्याची घडी पांढरी. मागच्या चाकाचा आस मात्र चुकला होता. तिने तो मला विचारायच्या आधीच स्वतः दोरा ताणून तपासला, खोडला, आणि पुन्हा काढायला बसली.